कबरस्थानात तोडफोड झाली, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) दिली. पुढे काय करता येईल?

अबोली_२२

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सगळं लिहिते.

आमचं ख्रिस्ती कबरस्थान गावाच्या कडेला, जुन्या मिशनच्या जागेवर आहे. तीन बाजूंनी दगडी भिंत, चौथ्या बाजूची भिंत पावसात खचली ती तशीच आहे, आणि त्या अंगाला आता प्लॉटिंग चालू झालंय. मागच्या आठवड्यात एका रात्रीत नऊ कबरी फोडल्या. त्यात एक माझ्या आईची.

आईच्या कबरीवरचा क्रूस बुंध्यापाशी मोडलाय. तो आपसूक पडलेला नाही. आडव्या दांड्यावर दोन ठिकाणी गोल, पांढरे घावाचे डाग आहेत, हातोडा किंवा घण बसल्यासारखे. दगड काळा आहे, त्यामुळे ते डाग लांबूनही दिसतात. पाटीचे तीन तुकडे झालेत आणि तिच्या नावाचा तुकडा मातीत पालथा टाकलेला. बाजूचं लोखंडी रेलिंग गायब आहे. ते उपटलेलं नाही, कापलंय. जमिनीत राहिलेल्या खुंटांची टोकं निळसर-काळी पडलीत आणि आजूबाजूच्या मातीत वितळून थिजलेल्या लोखंडाचे बारीक मणी सापडले. म्हणजे कोणीतरी गॅस कटर घेऊन आलं होतं. भिंतीलगत लहान बाळांच्या कबरी आहेत, त्यांच्यावर नुसते छोटे दगड होते. तेही उलथून टाकलेत. नगरपरिषदेने बसवलेले दोन सौरदिवे फुटलेत.

पप्पा आणि आमच्या चर्चच्या मंडळीतले दोघे पंच पोलीस ठाण्यात गेले. कोणावर संशय आहे का, असं विचारलं. यांनी नाही म्हटल्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ टाकून अदखलपात्र नोंद केली आणि पावती हातात दिली. जागेवर येऊन कोणी पाहिलं नाही. तिथल्या एकाने पप्पांना विचारलं, "मेलेल्या माणसाचं काय नुकसान झालं?" पप्पा निवृत्त शिक्षक आहेत, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढले नव्हते. ते काही न बोलता परत आले आणि तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही.

मला विचारायचंय ते असं. एनसीवरच थांबावं लागतं का? फिर्याद कोणी द्यायची, आम्ही नातेवाइकांनी की मंडळीने? जागेच्या उताऱ्यावर अजून जुन्या मिशनच्या ट्रस्टचं नाव आहे. आरोपी अज्ञात असताना काही होतं का? आणि एक अगदी साधी गोष्ट: पप्पांना आईच्या पाटीचे तुकडे उचलून घरी आणायचेत. आम्ही कसंबसं त्यांना थांबवलंय. आणू द्यावेत का?

काळा_कोट

अबोलीताई, वाचून फार वाईट वाटलं. मी फौजदारी कोर्टात काम करतो, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या तक्रारीला ३२४ हे कलम एकटं पुरत नाही. ३२४ म्हणजे आगळीक, मालमत्तेचं नुकसान. त्यातली एक लाखाच्या आतली नुकसानीची पोटकलमं अदखलपात्र आहेत आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. म्हणून एनसी दिली की कागद तिथेच झोपतो.

तुमचं खरं कलम आहे ३०१. जुन्या दंड संहितेत हेच २९७ होतं. दफनाची जागा, अंत्यविधीसाठी राखलेली जागा, मृतांचे अवशेष ठेवण्याची जागा, यांत आगंतुकपणे शिरून कोणाच्या भावना दुखावणं किंवा धर्माचा अपमान करणं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिक्षा कमी वाटेल, पण हे कलम दखलपात्र आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तरी सगळं प्रकरण दखलपात्रच धरायचं. म्हणजे ३०१ आलं की ३२४ सुद्धा त्याच्या मागोमाग तपासात येतं.

३०१ ची आणखी एक बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. भावना दुखावण्याचा हेतू सिद्ध करावाच लागतो असं नाही. आपल्या कृत्याने कोणाच्या भावना दुखावण्याचा संभव आहे, एवढी जाणीव असली तरी पुरे. "आम्ही लोखंडासाठी आलो होतो, धर्माशी आमचं देणंघेणं नव्हतं," हा बचाव म्हणूनच लंगडा पडतो. क्रूसावर घण घालणाऱ्याला मागे राहिलेल्यांना काय वाटेल याची जाणीव नव्हती, असं कोण म्हणेल? आणि जागा दुसऱ्याच्या मालकीची असली तरी फरक पडत नाही. १८९६ सालचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा सुभान प्रकरणातला निकाल आहे: जमीनमालकाच्या संमतीने आत शिरून कबरींवर नांगर फिरवणाऱ्यांनाही याच कलमाखाली दोषी धरलं होतं. चौथ्या बाजूच्या प्लॉटिंगचं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

कोणी म्हणेल २९८ लावा. त्यात पवित्र मानलेल्या वस्तूची विटंबना येते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते अजामीनपात्र आहे. पण तिथे धर्माचा अपमान करण्याचा हेतू, किंवा निदान एखादा वर्ग हा आपल्या धर्माचा अपमान समजेल याची जाणीव, दाखवावी लागते. भिंतीवर काही लिहिलं असेल, घोषणा झाल्या असतील, तर जरूर मागा. नुसतं रेलिंग चोरलेलं असताना ते ओढूनताणून लावलं तर कोर्टात पहिली पडझड तिथेच होते. ३०१ वर घट्ट उभं राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आता कृती. ठाणे प्रभारींच्या नावे लेखी फिर्याद द्या, "कलम ३०१, ३२४ व ३०३ अन्वये गुन्हा नोंदवावा" असं लिहा (३०३ म्हणजे चोरी) आणि पोच घ्या. नोंदवला नाही तर तीच फिर्याद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, रजिस्टर पोस्टाने. तिथेही काही हाललं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. अधीक्षकांची पायरी वगळून थेट कोर्टात जाऊ नका, अर्ज त्याच कारणावर परत येतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच ठरवून दिलंय. त्याचा उल्लेख फिर्यादीत एका ओळीत करा, भाषण नको.

आरोपी अज्ञात असणं हे नोंद नाकारायचं कारणच नाही. उलट आरोपी शोधायलाच तर तपास असतो.

माजी_ठाणेअंमलदार

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी तीसेक वर्षं ठाण्यात काढली, त्यामुळे जागेवरचं सांगतो.

तुकडे उचलू नका. पप्पांना समजावून सांगा, पंचनामा होईपर्यंत तो दगड पुरावा आहे. घाव कोणत्या कोनातून बसला, दगड पडला तेव्हा कोणत्या बाजूला पडला, हे सगळं तिथेच वाचता येतं. पावसाची भीती असेल तर वर ताडपत्री टाका, कडेला दगड ठेवा. तुकड्यांना हात लावू नका.

त्याआधी फोटो. आधी लांबून संपूर्ण आवार, मग प्रत्येक कबर चारही बाजूंनी, मग जवळून घाव. शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. रेलिंगचे कापलेले खुंट आणि ते लोखंडाचे मणी तुम्ही बरोबर ओळखलेत. त्याचे फोटो सर्वांत महत्त्वाचे. गॅस कटर म्हणजे सिलिंडर, आणि रेलिंगचं वजन, म्हणजे गाडी. कोणी पायी येऊन हे केलेलं नाही. खचलेल्या भिंतीच्या बाजूला चाकोऱ्या आहेत का पाहा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण बरेचजण थोडे दिवसच साठवतात, मग त्यावर नवीन चढतं. म्हणून फिर्यादीसोबतच एक वेगळा अर्ज द्या, अमुक ठिकाणच्या कॅमेऱ्यांचं अमुक रात्रीचं चित्रण ताब्यात घ्यावं. कॅमेरा खाजगी असेल तर मालकाला स्वतः भेटून जपून ठेवायची विनंती करा. चित्रण कोर्टात वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. तपासी अंमलदाराला आठवण करून द्या, ऐनवेळी तेच राहतं.

चोरीबद्दल एक नवीन गोष्ट ध्यानात ठेवा. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र झालीय. म्हणून "रेलिंग चोरीला गेले" एवढंच लिहू नका. नऊ कबरींपैकी कोणकोणत्या कबरींचं गेलं, किती फूट, अंदाजे वजन, बसवतानाची पावती असेल तर ती. दगडाच्या नुकसानीचंही तसंच. गवंड्याकडून किंवा पाथरवटाकडून लेखी अंदाज घ्या. ३२४ मध्ये नुकसान वीस हजारांवर गेलं की शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते, एक लाखावर गेलं की पाच वर्षांपर्यंत, आणि तिथे ते दखलपात्रही होतं. नऊ कुटुंबांनी आपापला अंदाज वेगळा काढून फिर्यादीला जोडा.

आणि ताई, तुमच्या वडिलांना जे बोललं गेलं ते ऐकून माझी मान खाली गेली. तो माणूस खात्याचा आवाज नाही, एवढं त्यांना माझ्या वतीने सांगा.

अबोली_२२

दोघांचे मनापासून आभार. पप्पांना वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद त्यांनी परत वाचायला लावला.

ताडपत्री टाकली आहे. भावाने चाकोऱ्या पाहिल्या, आहेत, पण त्याच वाटेने प्लॉटवर खडी टाकणारे ट्रॅक्टरही जातात. त्यामुळे आम्हाला कोणावर उगीच बोट दाखवायचं नाहीये.

मंडळीत मात्र दोन तट पडलेत. आमचे पाळकसाहेब आणि काही वडील माणसं म्हणतात, गावात सलोख्याने राहतो आहोत, पोलीस-कोर्ट केलं तर वातावरण बिघडेल, आपण क्षमा करणारी माणसं आहोत. मी त्यांचा आदर करते. पप्पा तर माफ करतीलच, त्यांचा स्वभावच तसा आहे. पण कोणाला माफ करायचं ते तरी कळू दे. आणि त्या बाळांच्या कबरी, त्यांच्या आयांना कोणी विचारलंय का? त्यातल्या एक मावशी आता सत्तरीच्या आहेत, त्या दगडावर नाव नव्हतं, तरी दर महिन्याला येऊन भोवतीचं गवत काढायच्या. आता कोणता दगड कुठला होता हेच त्यांना ओळखता येत नाहीये.

मंडळीने फिर्याद दिली नाही तर आम्ही घरच्यांनी दिली तर चालेल का?

काळा_कोट

चालेल. फौजदारी कायदा कोणीही हलवू शकतो, त्याला मालक किंवा ट्रस्टी असावंच लागत नाही. १९८४ च्या अंतुले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व नीट मांडलंय. ३०१ मध्ये तर "कोणाच्याही भावना" असे शब्द आहेत, आणि त्या मावशींच्या भावना ट्रस्टच्या कागदांवर अवलंबून नाहीत. त्यांचा जबाब जरूर नोंदवा. फिर्यादी पप्पा, साक्षीदार बाकीची कुटुंबं, असं करा.

पाळकसाहेबांना एक सांगा: ३०१ तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणजे उद्या आरोपी सापडला आणि त्याने पाय धरले, तरी परस्पर मिटवता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. शिक्षा किती मागायची, नुकसानभरपाईवर समाधान मानायचं का, हे मात्र त्या वेळी कोर्टासमोर मोकळेपणाने सांगता येतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली कोर्ट भरपाई देववू शकतं. तेव्हा क्षमेला जागा उरते, पण ती तपासानंतर.

मुदतीचंही सांगून ठेवतो. एक वर्ष शिक्षेच्या गुन्ह्याला कोर्टाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे. आरोपी अज्ञात असेल तर तो कोण हे कळल्या दिवसापासून ती मोजतात. तरी या सवलतीवर विसंबून बसू नका.

उतारा_आणि_फेरफार

माझं काम जमिनीच्या कागदांचं. इथे सगळे फौजदारी बाजूचं बोलताहेत. मला त्या खचलेल्या भिंतीची जास्त काळजी वाटते.

सातबारा काढा (किंवा नगरपरिषद हद्दीत सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक) आणि "इतर हक्क" रकान्यात कबरस्थान, दफनभूमी असा शेरा आहे का बघा. धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकची नक्कल घ्या, त्यात ही मिळकत दाखवलेली आहे का आणि आजचे विश्वस्त कोण हे कळेल. जुन्या मिशन ट्रस्टांमध्ये बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज) वर्षानुवर्षं पडून असतात, कागदावरचे विश्वस्त हयातही नसतात, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही. कोणी विकत घेतल्याचा कागद दाखवला तर पहिला प्रश्न हाच विचारा.

भूमी अभिलेख कार्यालयात शासकीय मोजणीचा अर्ज टाका. मोजणी झाली, खुणा कायम झाल्या की चौथी भिंत बांधता येते. कोणाविरुद्ध आरोप करायची गरज नाही. पण हद्दीत कोणी सरकलं तर दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायला हातात नकाशा असतो. फोडलेल्या कबरींची नुकसानभरपाई दिवाणी दाव्यानेही मागता येते, तीन वर्षांच्या आत.

सौरदिवे नगरपरिषदेचे ना? मग मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या. ती सार्वजनिक मालमत्ता झाली, १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा लागतो, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नगरपरिषदेची स्वतःची फिर्याद आली की तुम्ही एकटे पडत नाही.

नदीकाठचा

आमच्याकडेही असं झालं होतं, लिंगायत समाजाच्या दफनभूमीत. आमच्या आजोबांची समाधी होती त्यात. गुन्हा नोंदला, तपास झाला आणि निघाली कोण, तर गावातलीच पोरं, सगळी अठराच्या आतली. तेव्हा लक्षात आलं की मोठ्यांचा कायदा त्यांना लागत नाही. बाल न्याय मंडळापुढे प्रकरण गेलं. अशा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात मुलांवर एफआयआर न करता ठाणे दैनंदिनीत नोंद करून मुलाचा सामाजिक अहवाल मंडळाकडे पाठवायचा असा नियम आहे. मंडळाला पालकांनाच दंड भरायला सांगता येतं, मुलांना समुपदेशन, समाजसेवा लावता येते.

माझे काका तुरुंगवास हवा म्हणून अडून बसले होते. मला स्वतःला त्या सुनावणीत समाधान वाटलं, कारण त्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी स्वतः उभं राहून, कोणी न सांगता, दगड परत बसवून द्यायची तयारी दाखवली. तुमच्याकडे गॅस कटर वापरलाय म्हणजे पोरांचं काम वाटत नाही. पण मनाची तयारी दोन्हीची ठेवा, आणि घरात आत्ताच बोलून घ्या की तुम्हाला नेमकं काय मिळालं म्हणजे पुरे. आमच्या घरात ते बोलणं झालं नव्हतं आणि भांडण काका-पुतण्यात झालं.

अबोली_२२

घरात बोललो. पप्पांना तीन गोष्टी हव्या आहेत: पोलिसांनी जागेवर येऊन लिहून घ्यावं, करणाऱ्याने कोर्टासमोर तोंड दाखवावं, आणि भिंत. पैसे नकोत म्हणाले. भाऊ पैशांवर अडून आहे, ते आम्ही बघू.

फिर्याद तयार केली. नऊपैकी सात कुटुंबं सह्या करायला तयार झालीत. मावशी स्वतः ठाण्यात येणार आहेत. पाळकसाहेबांनी सही केली नाही, पण मृतांच्या नोंदवहीची प्रमाणित नक्कल दिली, कोणती कबर कोणाची ते त्यात आहे. बाळांच्या नोंदीसुद्धा आहेत, ओळ क्रमांकासह, त्यामुळे मावशींचा दगड बहुतेक सापडेल.

शेवटचं एक. पंचनामा झाल्यावर लगेच दुरुस्ती सुरू केली तर केस कमकुवत होईल का?

माजी_ठाणेअंमलदार

नाही होत. पंचनाम्याची नक्कल मागा, आणि तपासी अंमलदाराला लेखी विचारा की कोणते तुकडे मुद्देमाल म्हणून ताब्यात घ्यायचेत. घावाचा क्रूस आणि रेलिंगचा एखादा कापलेला खुंट ते घेतील, त्याची पावती मिळेल. बाकीचं "दुरुस्तीस हरकत नाही" असं लेखी घेऊन हलवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणंही आता पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्या दिवशी पत्र टाका.

नोंदवहीच्या नकलेची एक प्रत पंचनाम्याच्या वेळी पंचांसमोर ठेवा. बाळांच्या कबरींचे दगड त्या ओळीनुसार पंचनाम्यात एकेक करून लिहून घ्यायला लावा, "लहान दगड अस्ताव्यस्त" एवढ्यावर सोडू देऊ नका.